बियाण्याचा राखणदार : निकोलाय वाविलोव

आपल्यापैकी बहुतेकांचे घर शेतीवर चालते. पेरणीचे दिवस जवळ आले म्हणजे घरातील वडील माणसे कणगीतले बी काढून त्याला ऊन देतात, आणि त्या वेळी एकच प्रश्न सर्वांच्या मनात असतो : यंदा कोणते बी पेरावे? एक बी असे असते की पाणी वेळेवर मिळाले, थंडी बेताची पडली व रोग आला नाही, तर खळ्यावर रास मावत नाही. पण वर्ष जरा फिरले की तेच बी पेरणाऱ्यास भिकेस लावते. दुसरे बी असे असते की त्याची रास कधी फार मोठी होत नाही, परंतु वाईट वर्षीही ते मुलाबाळांस उपाशी निजू देत नाही. ज्याच्या गाठी पैसा आहे त्याने पहिल्या बियाण्याचा धोका पत्करला तरी चालेल. ज्याच्या घरी पुढल्या सुगीपर्यंत पुरेल इतकेच धान्य असते, त्याला दुसरेच बी पाहिजे. ह्या गुणाला शेतकीचे पंडित उत्पन्नाचे स्थैर्य म्हणतात.

ह्या अंकात आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यांचे सारे आयुष्य ह्याच प्रश्नाच्या मागे गेले. ते रशियात जन्मले. गव्हाच्या ओंब्या शोधीत त्यांनी पृथ्वीवरील अत्यंत बिकट डोंगर ओलांडले. त्यांच्या काळी दुसऱ्या कोणापाशी नव्हते एवढे बियाण्याचे भांडार त्यांनी जमविले. आणि जगाला भाकरी मिळावी म्हणून झटणाऱ्या ह्या मनुष्याचा शेवट एका तुरुंगात अन्नावाचून झाला. हे कसे घडले, व त्यापासून आपण काय घ्यावे, हे आम्ही थोडक्यात सांगतो.

बाळपण व शिक्षण

निकोलाय इव्हानोविच वाविलोव यांचा जन्म मॉस्को शहरी २५ नोव्हेंबर १८८७ रोजी झाला. त्यांचे वडील इव्हान हे मूळचे खेडेगावच्या शेतकरी कुळातले. लहानपणीच शहरात येऊन ते कापडाच्या धंद्यात शिरले आणि उद्योगाच्या जोरावर चांगले व्यापारी झाले. मुलाने आपलाच व्यापार पुढे चालवावा अशी त्यांची इच्छा असल्यामुळे त्यांनी त्यास व्यापारी शाळेत घातले. परंतु मुलाचे लक्ष जमाखर्चाच्या वह्यांत नसून झाडापाल्यात असे. त्याचा धाकटा भाऊ सेर्गेई हाही पुढे पदार्थविज्ञानाचा मोठा पंडित झाला.

निकोलाय चार वर्षांचा असता रशियात १८९१ व १८९२ ह्या सालांचा भयंकर दुष्काळ पडला. व्होल्गा नदीच्या काठचे गव्हाचे पीक बुडाले आणि लाखो माणसे उपासमारीने व साथीने मेली. आपल्या महाराष्ट्रात १८७६ व १८९६ ह्या सालांच्या दुष्काळांच्या गोष्टी ज्यांनी आजाआजीच्या तोंडून ऐकल्या असतील, त्यांस रशियातील त्या काळच्या खेड्यांची दशा निराळी सांगावयास नको. अशा देशात वाढलेल्या मुलाने शेतकीची विद्या पत्करावी यात नवल नाही. १९०६ साली निकोलाय मॉस्कोच्या शेतकी विद्यालयात दाखल झाले. शेतातील पिके खाणाऱ्या गोगलगाईंवर त्यांनी तेथे पहिला निबंध लिहिला.

पुढे १९१३ साली ते इंग्लंडास गेले. त्या देशी विल्यम बेटसन नावाचे विद्वान आईबापांचे गुण संततीत कोणत्या नियमाने उतरतात याचा अभ्यास करीत होते, आणि केंब्रिज येथे रोलंड बिफेन यांनी गव्हावरील पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्तीही अशाच नियमाने बियाण्यात उतरते हे दाखवून दिले होते. ह्या दोघांजवळ वाविलोव शिकले. तांबेरा म्हणजे काय हे गहू पिकविणाऱ्यास सांगणे नको. पाने व काड्या यांवर गंजासारखी भुकटी येते, हात लावला तर बोटे माखतात, आणि दाणे पोचट राहतात. एखाद्या वाणाला हा रोग खाऊन टाकतो, तर शेजारच्या वाफ्यातील दुसऱ्या वाणाला तो शिवतही नाही, हे पाहून वाविलोव यांच्या मनात आले की, अशी शक्ती असलेले वाण जगाच्या कोणत्या कोपऱ्यात दडले आहेत हे कोणीतरी फिरून पाहिलेच पाहिजे. येथे एक गोष्ट आमच्या वाचकांस कळविण्याजोगी आहे. आपल्या इकडील खपली गव्हाचे बीही परदेशी गेले, आणि काळ्या तांबेऱ्याच्या निरनिराळ्या जाती ओळखण्याकरिता अमेरिकेतील विद्वानांनी १९२२ साली जे बारा वाण ठरविले, त्यांत खपलीची गणना झाली.

पामीरच्या डोंगरात

१९१६ साली पहिले महायुद्ध चालू असता इराणच्या उत्तर भागात रशियाचे सैन्य उतरले होते. तेथील भाकरी खाऊन शिपायांस घेरी येऊ लागली. कारण शोधण्यास वाविलोव यांस पाठविले. त्यांनी गहू पाहून सांगितले की, दाण्यांत एका विषारी तणाचे बी मिसळले आहे व काही दाण्यांस बुरशीही लागली आहे. शुभवर्तमानातील निदणाचा दृष्टांत वाचकांस ठाऊकच आहे; ते निदण म्हणजे हेच तण होय असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे.

हे काम आटोपल्यावर ते त्याच वर्षी पामीरच्या डोंगरात गेले. पामीर म्हणजे हिंदुस्थानच्या उत्तरेस, अफगाणिस्तानच्या पलीकडे असलेला बर्फाळ मुलूख. वाट इतकी बिकट की घोडा हाती धरून कड्याच्या कडेने चालावे लागे, आणि कोठे कोठे बर्फाच्या नद्या ओलांडाव्या लागत. पण त्या उंच खोऱ्यांत माणसे राहत होती व गहू पेरीत होती. वाविलोव यांस वाटले होते की एवढ्या उंचीवर पिकांचे प्रकार थोडे असतील. घडले उलटे. एकेका शेतात त्यांस गव्हाचे इतके प्रकार आढळले की सपाटीच्या मोठ्या मुलुखातही तितके सापडत नाहीत. पानाच्या बुडाशी गव्हाला जो पातळ पापुद्रा असतो तो मुळीच नसलेला गहूही त्यांस तेथे मिळाला. असा गहू त्यापूर्वी कोणा पंडिताच्या पाहण्यात आला नव्हता.

तेथे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि आमच्या मते तीच त्यांच्या पुढील सर्व कार्याची किल्ली होय. राय नावाचे गव्हासारखे एक धान्य आहे. ते थंडी फार सोसते. खालच्या खोऱ्यांत ही राय गव्हात तण म्हणून उगवत असे व लोक तिला निंदून काढीत. पण जसजसे वर चढावे तसतशी शेतात राय अधिक व गहू कमी दिसू लागे, आणि अगदी वरच्या गावांत निव्वळ राय उभी असे. पेरणारा गहू पेरीत होता, पण डोंगराची थंडी दर वर्षी गव्हाची रोपे मारीत होती व रायीची राखीत होती. असे पिढ्यानुपिढ्या चालून जे तण होते तेच वरच्या लोकांचे अन्न झाले. रायीचा उगम असा झाला हे वाविलोव यांनी १९१७ साली लिहून प्रसिद्ध केले. यातून त्यांस हे दिसून आले की, चांगले बी व वाईट बी असा भेद जागेवाचून करता येत नाही. खाली जे टाकाऊ तेच वर प्राण वाचविणारे ठरते.

भांडार कसे जमले

१९१७ साली वाविलोव व्होल्गाकाठच्या सारातोव शहरी अध्यापक झाले. तेथेच १९२० च्या जून महिन्यात शेतकी पंडितांच्या सभेत त्यांनी आपला एक प्रसिद्ध सिद्धांत मांडला. तो असा की, जवळच्या नात्यातील पिकांत एकसारखे बदल आढळतात. गव्हात कुसळाचे व बिनकुसळाचे प्रकार असले तर रायीत व सातूतही ते असावयाचे. म्हणून एखादा प्रकार अजून सापडला नसला तरी तो कोठे शोधावा हे अगोदर सांगता येते. ह्याच सुमारास पेत्रोग्राड शहरातील वनस्पतिसंस्थेचे प्रमुख वारले व त्यांच्या जागी वाविलोव यांची नेमणूक झाली. १९२१ साली ते तिकडे गेले. त्या वर्षी व्होल्गाच्या प्रदेशात पुन्हा मोठा दुष्काळ होता. संस्थेच्या इमारतीत जळण नव्हते, आणि बियाणेही भुकेल्या लोकांनी खाल्ले होते. अशा ओसाड घरात त्यांनी कामास आरंभ केला.

पुढील बारा वर्षे ते देशोदेशी हिंडले. १९२४ साली अफगाणिस्तानात दोन सोबत्यांसह त्यांनी सुमारे पाच हजार किलोमीटर वाट तुडविली, हिंदुकुश ओलांडला आणि बियाण्याचे सुमारे सात हजार नमुने आणले. आखूड व दाट ओंबीचे ठेंगणे गहू त्यांस तेथे विपुल मिळाले. पोळीचा व पावाचा जो साधा गहू, त्याचे मूळ घर हाच मुलूख असावा असे त्यांनी अनुमान केले. पुढील संशोधनाने असे ठरले आहे की, ह्या गव्हाचा जन्म कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील भागात झाला असावा, व अफगाणिस्तानात त्याच्या शाखा मागाहून फुटल्या. परंतु गव्हाचे धन डोंगरांत आहे हे त्यांचे म्हणणे खरेच ठरले. डोंगरात एक खोरे उन्हाचे तर पलीकडचे सावलीचे, एक कोरडे तर एक ओले. म्हणून प्रत्येक खोऱ्याने आपल्याजोगे बी शेकडो वर्षांत निवडून ठेवलेले असते.

१९२७ साली ते इथिओपियाच्या पठारावर गेले. राजधानी आदिस अबाबा येथून खेचरांचा तांडा घेऊन ते उत्तरेस एरिट्रियापर्यंत चालत गेले. ह्या पठारावर सहा-सात हजार फुटांहून अधिक उंचीवर शेती चालते. तेथे त्यांनी जांभळ्या दाण्याचा गहू पाहिला, आणि आपल्या बन्सीच्या जातीचा पण कुसळे नसलेला गहू मिळविला. तसला प्रकार असावा हे त्यांच्या सिद्धांतावरून निघत होते, पण तो कोणी पाहिला नव्हता. तेथील शेतकऱ्यांची शेते आपल्या दृष्टीने सरमिसळ दिसत. एकाच वाफ्यात उंच व ठेंगणा, लवकर पिकणारा व उशिरा पिकणारा, पांढरा व जांभळा असा सर्व गहू एकत्र. उत्तरेकडील डोंगरांत तर गहू व सातू मिसळून पेरण्याची जुनी चाल आहे व तिला हानफेट्स म्हणतात. परदेशी मनुष्य हे पाहून त्या लोकांस अडाणी म्हणेल. परंतु आपल्याकडे बाजरीत तूर व मटकी टाकणारा शेतकरी ह्या चालीचे मर्म ताबडतोब ओळखील. पाऊस लवकर गेला तर सातू हाती लागतो, उशिरापर्यंत राहिला तर गहू भरतो. एक बुडाले तरी सर्व बुडत नाही.

याशिवाय चीनचा पश्चिम भाग, जपान, मेक्सिको, पेरू व बोलिव्हिया इतके मुलूख त्यांनी पाहिले. ते रात्री चारपाच तासच निजत व सोबत्यांस दमवून टाकीत. १९४० सालापर्यंत संस्थेच्या भांडारात सर्व पिकांचे मिळून सुमारे अडीच लाख नमुने जमले.

एक बी, शंभर शेते

परंतु बी जमविणे म्हणजे अर्धेच काम. कोणते बी कोठे टिकेल हे कसे कळावे? वाविलोव यांनी १९२३ सालापासून एक मोठा प्रयोग चालविला. निवडलेल्या वाणांचे तेच बी त्यांनी रशियाच्या मोठ्या राज्यात शंभराहून अधिक ठिकाणी पेरविले : उत्तर ध्रुवाजवळच्या गारठ्यात, काळ्या मातीच्या सपाटीवर, कोरड्या वाळवंटाच्या कडेला, आणि डोंगरांच्या उतारांवर. प्रत्येक ठिकाणी पेरणी केव्हा झाली, ओंबी केव्हा बाहेर पडली, ताट किती वाढले, रोग किती आला, व धान्य किती झाले याची नोंद ठेविली. त्याच काळात त्यांचे सहकारी विक्टर तालानोव यांनी देशभर वाणांची परीक्षा करणारी केंद्रे उभी केली.

ह्या परीक्षेत असे दिसून आले की, एकाच वाणाचे रूप जागेप्रमाणे पालटते. त्याचा पिकण्याचा काळ बदलतो, इतकेच नव्हे तर दाण्यातील पौष्टिक अंशही बदलतो. डोंगराळ मुलुखात तर हा फरक एका दिवसाच्या वाटेवर दिसतो. जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होते, म्हणून पीक उशिरा पिकते. खालच्या खोऱ्यात जो वाण सावकाश वाढून सर्वांत मोठी रास देतो, तोच वरच्या गावात दाणा भरण्यापूर्वी कडाक्याच्या थंडीत सापडतो. वर जो लवकर पिकून सुटतो, तो खाली मागे पडतो. ओलसर उतारावर तांबेरा माजतो, तर कोरड्या उतारावर तोच वाण निरोगी राहतो. म्हणून एका शेतातील एका वर्षाची रास पाहून वाणाची स्तुती करणे हे एका दिवसाच्या ओळखीवर सोयरीक जुळविण्यासारखे आहे.

वाविलोव यांच्या मागून आलेल्या विद्वानांनी ह्याच विचाराला गणिताचे रूप दिले. १९६३ साली ऑस्ट्रेलियात फिन्ले व विल्किन्सन या दोघांनी सातूचे २७७ वाण अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत पेरून एक सोपी रीत काढली. प्रत्येक ठिकाणी सर्व वाणांची सरासरी काढावी. ती मोठी असेल तर ती जागा त्या वर्षी चांगली, लहान असेल तर वाईट. मग एकेक वाण चांगल्या जागी किती चढतो व वाईट जागी किती उतरतो हे पाहावे. जो चांगल्या जागी उंच उडतो पण वाईट जागी खाली आदळतो तो अस्थिर. जो फारसा चढत नाही व फारसा पडतही नाही तो स्थिर. पण सर्वत्र थोडेच देत राहणे हे काही भूषण नव्हे, म्हणून सरासरी चांगली राखून जो वाईट जागीही फार पडत नाही तोच खरा कामाचा.

हे विसरल्यास काय होते याचा दाखला इथिओपियाच्या त्याच पठारावर मिळाला. १९२७ नंतर तेथे साध्या गव्हाचे नवे वाण पुष्कळ पसरले. २०१० साली पिवळ्या तांबेऱ्याने तेथील गव्हाचे फार नुकसान केले. तेव्हा त्या रोगाला दाद न देणारा दिगालू नावाचा वाण लोकांनी मोठ्या हौसेने घेतला व पुष्कळ शेते त्या एकाच वाणाने भरली. २०१३ साली काळ्या तांबेऱ्याची एक निराळी जात तेथे आली; तिच्यापुढे दिगालूचा निभाव लागला नाही, आणि दक्षिणेकडील डोंगरांत शेतेच्या शेते गेली. वाण चांगला होता. एकट्यावर सर्वांनी भार टाकला ही चूक झाली.

खोट्या रासेची भूल

आता आम्ही वाविलोव यांच्या आयुष्यातील दुःखाच्या भागाकडे येतो. १९२९ साली ते सर्व देशाच्या शेतकी विद्यापरिषदेचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास रशियाच्या सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने एकत्र केल्या व त्यांजकडील धान्य काढून नेले. १९३२ व १९३३ ह्या सालांत तेथे लक्षावधी माणसे उपासमारीने मेली. राज्यकर्त्यांस पीक लवकर वाढवून पाहिजे होते. नवा वाण सिद्ध करण्यास दहाबारा वर्षे लागतात. ते काम फार थोड्या वर्षांत करा असा हुकूम सुटला.

ह्या वेळी त्रोफिम लिसेंको नावाचा एक तरुण पुढे आला. गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवावे व मग पेरावे, म्हणजे पीक पुष्कळ वाढते, असे त्याचे म्हणणे होते. थंडीचा बियाण्यावर परिणाम होतो हे काही खोटे नाही. प्रथम वाविलोव यांनीही त्याला उत्तेजन दिले, आणि ही त्यांची चूक आम्ही झाकीत नाही. परंतु लिसेंको आपल्या म्हणण्याची परीक्षा नीट करीत नसे. शेजारी शेजारी वाफे पाडून, तीच पेरणी अनेक ठिकाणी व अनेक वर्षे करून मोजण्याऐवजी, तो गावोगाव कागद पाठवून उत्पन्न किती वाढले ते लिहून मागवी. वरिष्ठांस खूष करण्याकरिता लोक मोठे आकडे लिहून देत. आईबापांचे गुण बियाण्यात ठराविक नियमाने उतरतात हेच तो नाकारू लागला, आणि राज्याचा प्रमुख स्टालिन याचा त्याजवर लोभ जडला.

वाविलोव यांजपुढे दोन वाटा होत्या. मान तुकविली असती तर पद, मान व जीव सर्व राहिले असते. १९३५ साली त्यांचे अध्यक्षपद गेले, आणि १९३८ साली तेच पद लिसेंकोस मिळाले. सोबती एकामागून एक पकडले गेले. तरी सभेत उभे राहून त्यांनी स्पष्ट सांगितले की, पुराव्याने जे खरे ठरले आहे ते आपण हुकमाने खोटे म्हणणार नाही. बियाण्याचे स्थैर्य मोजणारा हा मनुष्य स्वतःही वाईट हंगामात ढळला नाही.

तुरुंग व मरण

६ ऑगस्ट १९४० रोजी ते कार्पेथियन डोंगराच्या बाजूस गव्हाचेच नमुने जमवीत असता सरकारी माणसांनी त्यांस मोटारीत घालून नेले. मागे राहिलेल्या सोबत्यांनी त्यांची पिशवी उघडली, तेव्हा तीत त्या दिवशी वेचलेल्या एका जुन्या, सालीच्या गव्हाच्या ओंब्या होत्या. देशाचे पीक मुद्दाम बिघडविले, परकीयांस फितूर झाले, असे आरोप त्यांजवर ठेवून जुलै १९४१ मध्ये त्यांस मरणाची शिक्षा सांगितली. पुढील वर्षी ती बदलून वीस वर्षांची कैद केली. त्यांस सारातोवच्या तुरुंगात ठेविले होते. म्हणजे ज्या शहरात एकवीस वर्षांपूर्वी सर्व सभेने त्यांचा जयजयकार केला होता त्याच शहरी. कोठडी अंधारी व माणसांनी गच्च भरलेली. तशातही ते सोबतच्या कैद्यांस आपल्या विद्येतील गोष्टी शिकवीत, व जगातील शेतीचा इतिहास त्यांनी कैदेत लिहिला होता. तो हाती राहिला नाही.

त्यांची पत्नी येलेना, जी स्वतः मसुरीच्या पिकाची जाणती होती, ती मुलास घेऊन युद्धामुळे सारातोव येथेच येऊन राहिली होती. पती त्याच गावात आहे हे तिला कोणी सांगितले नाही. स्वतः अर्धपोटी राहून ती त्याच्याकरिता खाण्याच्या वस्तू दूर मॉस्कोस पाठवीत असे. २६ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, उपासमारीने खंगून वाविलोव मरण पावले. सारातोवच्या ज्या कबरस्तानात त्यांस इतर कैद्यांबरोबर पुरले, त्याच्या नावाचा अर्थ पुनरुत्थान असा आहे.

भांडाराचे काय झाले

इकडे त्यांच्या संस्थेचे शहर, ज्याचे नाव आता लेनिनग्राड झाले होते, जर्मन सैन्याने सप्टेंबर १९४१ मध्ये वेढले. हा वेढा जानेवारी १९४४ पर्यंत चालला व शहरात लाखो माणसे अन्नावाचून मेली. संस्थेत मात्र गहू, तांदूळ, सातू व भुईमूग यांच्या पुड्या फळ्यांवर भरून ठेविल्या होत्या. तेथील माणसांनी उंदरांपासून, थंडीपासून व भुकेल्या चोरांपासून त्या राखल्या, आणि स्वतः त्यांस हात लाविला नाही. भाताच्या बियाण्याचे राखणदार दिमित्री इव्हानोव हे तांदळाच्या हजारो पुड्यांमध्ये उपाशी मेले. भुईमुगाचे अलेक्सांद्र श्चुकिन हे आपल्या मेजाशीच गतप्राण झाले. ओटाचे बी सांभाळणाऱ्या लिदिया रोदिना याही अन्नावाचून गेल्या. बियाण्यास हात न लावणारी ही माणसे, आपला प्रमुख जिवंत आहे की नाही हेही त्यांस माहीत नव्हते.

१९५५ साली रशियाच्या न्यायालयाने वाविलोव निर्दोष होते असा निकाल दिला. लिसेंकोचे वजन १९६५ सालापर्यंत पार गेले, आणि वाविलोव यांचे नाव त्यांच्या संस्थेस देण्यात आले. त्या भांडारातील बियाण्यापासून पुढे कित्येक वाण निघाले.

चरित्राचा बोध

वाचकहो, हे चरित्र वाचून दोन गोष्टी मनात ठेवाव्या असे आम्हांस वाटते. पहिली गोष्ट शेताची आहे. कोणी नवे बी घेऊन दारात आला व त्याच्या रासेची मोठी वर्णने करू लागला, तर त्यास विचारावे की हे बी आमच्यासारख्या जमिनीत, आमच्यासारख्या पाण्यावर, किती वर्षे व किती ठिकाणी पेरून पाहिले? वाईट वर्षी ह्याने काय दिले? उत्तर मिळाले नाही तर सर्व शेत त्याच्या हवाली करू नये. एका कोपऱ्यात पेरून पाहावे, व आपले जुने बी कणगीत राखून ठेवावे. नवे बी टाकाऊ असते असे आम्ही म्हणत नाही. वाविलोव यांचा सर्व जन्म नव्या वाणांसाठीच गेला. परंतु जुने बी गेले तर नवे घडविण्यास काही उरत नाही. घरात खपलीची किंवा जुन्या जोंधळ्याची एक मडकी असेल, तर ती अडगळ समजून टाकू नये.

दुसरी गोष्ट मनुष्याची आहे. चांगल्या हंगामात सर्वच पिके हिरवी दिसतात. कोणते कणखर हे थंडी व रोग आल्यावर कळते. लिसेंकोची रास कागदावर मोठी होती, आणि तिच्या पायी एका मोठ्या देशाची शेतकी विद्या कित्येक वर्षे मागे पडली. वाविलोव तुरुंगात मेले, पण त्यांनी वेचलेले बी अजून पेरले जात आहे.